घरची, पाहुणी आणि शालिकभाऊ

मागच्या आठवड्यात रायपूरहून लेक-जावई आले होते. जावयाला गाडी घ्यायची आहे. जेवायला बसल्यापासून हात धुवेपर्यंत एकच विषय: मोठ्या नावाची छोटी सेडान घ्यावी, की तेवढ्याच पैशात साध्या कंपनीची लांबरुंद सेडान घ्यावी. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवलेला, आणि त्यात कुणी एक माणूस दोन्ही गाड्यांची दारं उघडून मिटून दाखवत होता. मी वाढत होते. जावई माणूस, बोलता तर येत नाही. मुलगा असता तर फोन उचलून फ्रिजवर ठेवला असता. शेवटी राहवलं नाही. म्हटलं, "दोन्हीत मागं बसून पाहिलं का?"

तो हसला. "आई, मागं बसतं कोण?"

मी भात आणायला म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि तिथंच जरा वेळ उभी राहिले. शालिकभाऊ रंगारी जाऊन आता दोन वर्षं होतील. नेमक्या ह्याच प्रश्नावर त्या माणसानं आपल्या आयुष्यातले पाच महिने घातले होते.

शालिकभाऊ आमचे शेजारी. आमगावात आमच्या दोन घरांच्या मधे एक विटांची भिंत आहे, छातीएवढी. मी पोवाराची, ते बौद्ध. आमच्या सासूबाई होत्या तोवर त्यांच्या घरचा चहा आमच्याकडं चालत नव्हता. हे लिहायला लाज वाटते, पण होतं ते होतं. सासूबाई गेल्या आणि पंधरा दिवसांनी सुमनवहिनींनी, म्हणजे शालिकभाऊंच्या बायकोनं, भिंतीवरून कपबशी पुढं केली. आता घेते का बघू, असा चेहरा करून. मी घेतली. साखर फार होती, पण तेव्हापासून चहा रोज भिंतीवरूनच झाला.

शालिकभाऊ सरकारी खात्यात जीपचे ड्रायव्हर होते. छत्तीस वर्षं. अर्जुनी मोरगावकडचे तलाव, सालेकशाकडचे रस्ते, पावसाळ्यात तलावाच्या पाळीवरून साहेबांना न्यायचं आणि धड परत आणायचं, हे काम. उंच, काळेसावळे, अंगावर कायम फुल बाह्यांचा पांढरा शर्ट. कुठल्याही गाडीत बसायच्या आधी तिच्याभोवती एक फेरी मारायचे, सरकारी असो नाही तर परक्याची. आमच्या दारी पाहुण्याची गाडी आली की हे भिंतीवरून वाकून म्हणणार, "बाई, थे मागचं चाक नरम आहे, सांगा त्याहीले." मग दार लावताना कान देऊन ऐकणार. दाराच्या आवाजावरून गाडीची जात कळते म्हणायचे. आमच्या मास्तरांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, ह्यावर विश्वास नव्हता. मास्तर शाळेत गणित शिकवायचे, आवाजावर भरवसा कसा ठेवणार. एकदा त्यांनी शालिकभाऊंना पाठमोरं उभं करून बाजारातल्या चार गाड्यांची दारं आपटून दाखवली. चारही बरोबर ओळखल्या. मास्तर घरी येऊन दोन दिवस गप्प होते.

बोलणं मात्र तोंडावर. गोड बोलणं त्यांना जमायचंच नाही. मी स्कूटी शिकत होते तेव्हा महिनाभर बघून एक दिवस म्हणाले, "बाई, तुमी पायीच जात जा." मला इतका राग आला होता की आठ दिवस चहाला भिंतीशी गेले नाही. नवव्या दिवशी गेले, कारण दुसरीकडं कुठं जाणार.

एक गोष्ट सुमनवहिनींनी मला किमान वीस वेळा सांगितली असेल. लग्नाला दोन-तीन वर्षं झालेली, दिवस उन्हाळ्याचे, वहिनी आठवडी बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन पायी येत होत्या. मागून जीप आली. जीपमध्ये साहेब नाही, कुणी नाही, नुसते शालिकभाऊ. वहिनी थांबल्या, पिशव्या खाली ठेवल्या, पदर नीट केला. जीप जवळ येऊन हळू झाली, एकदा हॉर्न वाजला, आणि गेली निघून. "हॉर्न कायले वाजवला मंग?" असं त्या मला विचारायच्या, जसं काही वाजवणारी मीच. शालिकभाऊंचं उत्तर ठरलेलं होतं. "गाडी सरकारची. थे का माह्या बापाची होती?" वहिनींनी तेव्हा दोन दिवस अबोला धरला होता. छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्या जीपमध्ये त्या एकदाही बसल्या नाहीत, आणि स्वतःची गाडी घ्यायची तर ऐपत नव्हती.

रिटायर झाले त्या दिवशीची गंमत वेगळी. निरोपसमारंभ झाला, आणि नव्या तरुण साहेबांनी जाहीर केलं की आज शालिकराव मागं बसतील आणि गाडी मी चालवणार, त्यांना घरापर्यंत मी सोडणार. टाळ्या पडल्या. गळ्यात हार घातलेले शालिकभाऊ आयुष्यात पहिल्यांदा मागच्या सीटवर बसले. आम्ही सगळे गल्लीत ओवाळायला उभे. गाडी आली, साहेबांनी स्वतः उतरून मागचं दार उघडलं, आणि शालिकभाऊ उतरले ते थेट नालीकडं धावले. भडभडून ओकले. हार तसाच गळ्यात. साहेब घाबरले, वहिनी पाणी घेऊन धावल्या. मग कळलं की ह्या माणसाला मागं बसलं की मळमळतं. कुणाला ठाऊकच नव्हतं, त्यांनासुद्धा नव्हतं. "पाय सारखा बिरेक दाबून राहिला होता," ते दुसऱ्या दिवशी भिंतीशी म्हणाले, "अन् तिथं बिरेकच नाही." मी हसले. तेही हसले, पण जरा ओशाळून.

सुमनवहिनी तीन दिवसांच्या तापात गेल्या. त्याआधीच आमचे मास्तर गेले होते. मग भिंतीच्या अलीकडं मी एकटी आणि पलीकडं ते एकटे. एकुलता एक मुलगा, प्रशीक, पुण्याला कंपनीत. तिथलीच मुलगी केली, मानसी. मुलगी चांगली होती, लग्नात माझ्याशी अदबीनं बोलली. पण लग्न झालं ते पुण्याला, आणि नंतर येणं व्हायचं ते दोन वर्षांतून एकदा, रेल्वेनं, दोन दिवस. दर रविवारी अकराला फोन. शालिकभाऊ साडेदहापासून पांढरा शर्ट घालून खुर्चीत बसायचे. फोनवर शर्ट दिसतो थोडाच? मी एकदा बोलून दाखवलं. म्हणाले, "मले तं दिसते ना."

एकटेपणाबद्दल ते कधी बोलले नाहीत, म्हणून मीच बोलते. त्या घरातून आवाज येणं बंद झालं होतं. आधी वहिनींचा रेडिओ, त्यांचं रागावणं, कुकर. आता सकाळी एकदा बादलीचा आवाज आणि संध्याकाळी एकदा दाराच्या कडीचा. मी भिंतीला कान लावून असायचे असं नाही, पण शांततासुद्धा ऐकू येतेच माणसाला. मला ती सहन व्हायची नाही. माझ्या घरात तरी दुसरं काय होतं म्हणा.

आणि एका रविवारी साडेअकराला ते भिंतीशी आले ते वेगळेच. चेहरा लग्नघरातल्यासारखा.

"बाई, पोरगा मले पुसून राहिला."

"काय पुसून राहिला?"

"गाडी कोनती घेऊ म्हणते. दोन पाहून ठेवल्या त्यानं. म्हणते, बाबा, तुमी एवढी वर्षं चालवली, तुमीच सांगा."

आता खरं सांगायचं तर प्रशीकनं ते सहज म्हटलं असणार. फोनवर बोलायला विषय लागतो. पण शालिकभाऊंनी तो हुकूम मानला. नावं कागदावर लिहून घेतली होती. एक परदेशी मोठ्या नावाची, छोट्या अंगाची. दुसरी आपल्याकडच्या रस्त्यावर दर दहा मिनिटांनी दिसणारी, पण अंगानं भरलेली. भाव जवळपास एकच. आठ दिवसांत त्यांनी दोघींना नावं दिली. पहिली 'पाहुणी', कारण तिचं सगळं करावं लागतं: पेट्रोल चांगलंच पाहिजे, रस्ता चांगलाच पाहिजे, आणि बिघडली तर नागपूरलाच न्यावी लागते. दुसरी 'घरची', कारण ती जे असेल त्यात भागवते आणि गोंदियाचा कोणताही मिस्त्री तिला ओळखतो. पुढं हे शब्द आमच्या गल्लीत इतके रुळले की वाणीसुद्धा विचारायचा, "भाऊ, घरची का पाहुणी? तय हुआ क्या?"

घरची बघायला ते गोंदियाला एकटेच गेले. तीनदा गेले. तिसऱ्यांदा दुकानदारानं चहासुद्धा विचारला नाही म्हणे. पाहुणी बघायला नागपूरला जायचं होतं, तेव्हा मला म्हणाले, "तुमी चला संगं. मी एकटा गेलो तं दारावरचा वॉचमन मले ड्रायवर समजन अन् पार्किंगमध्ये उभं करन." मी गेले. आणि स्टेशनावर बघते तर काय, ह्यांच्या खांद्यावर कट्टा. कट्टा म्हणजे तांदळाचं पोतं, आत तणीस, धानाचा पेंढा, गच्च भरलेलं. दरवर्षी आपल्या दोन एकर धानाच्या बांधीतला नवा तांदूळ ते पोराला पाठवत, पार्सलनं. आता गाडी आली तर कट्टा डिकीत जाईल की नाही, हे बघायला हवं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आयुष्यभर शिक्षिका म्हणून वावरलेली मी, आणि नागपूरच्या त्या काचेच्या दुकानात तणसाचा कट्टा घेऊन जाणार. पण रेल्वेत माणसं बघत होती, म्हणून गप्प बसले.

दुकान म्हणजे थंडगार, नुसता वास सुद्धा महाग. टाय लावलेला पोरगा आला, कट्ट्याकडं पाहून क्षणभर थांबला, पण बोलला नीट. शालिकभाऊंनी पाहुणीभोवती फेरी मारली. दार लावलं, डोळे मिटून ऐकलं, पुन्हा लावलं. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "बाई, दार असं लागावं."

डिकी उघडली. आतमध्ये जादाचं चाक मोठी जागा अडवून बसलेलं. कट्टा आडवा गेला नाही, उभा गेला नाही, तिरपा घातला तर झाकण लागेना. टायवाला पोरगा तणीस झटकत म्हणाला, "अंकल, सामान के लिए लोग ये गाड़ी नहीं लेते." शालिकभाऊंनी मान हलवली आणि मागचं दार उघडून आत बसले. मला पुढच्या सीटवर बसवलं आणि सीट मागं सरकवायला सांगितली, उंच माणूस चालवत असेल तेवढी. मग त्यांनी आपल्या गुडघ्यात आणि माझ्या सीटच्या पाठीत बोटं घालून मोजली. दोन बोटं. घरचीत पसा मावत होता, हे त्यांनी मला आधीच सांगितलं होतं. तळाच्या मधोमध उंचवटा, पाय इकडचा तिकडं होईना. छत डोक्याला टेकत होतं. आणि उतरताना सीट इतकी खाली की त्यांना दाराला धरून दोनदा झोका घ्यावा लागला.

"पीछे थोड़ा टाइट है," पोरगा म्हणाला, "पर अंकल, ये गाड़ी चलाने वाले की है. पीछे तो कभी-कभार कोई बैठता है."

मग त्यानं त्यांना चालवायला दिली. मी मागं बसले. आणि तिथं मात्र मी शालिकभाऊंना पहिल्यांदा पाहिलं असं म्हणावं लागेल. भिंतीपलीकडचा वाकलेला म्हातारा कुठं गेला कळेना. पाठ ताठ, दोन्ही हात चाकावर हलके, आणि चेहऱ्यावर असं काही की मी खिडकीबाहेर बघायला लागले. रिंगरोडला त्यांनी एकदाच जोर दिला. मी देवाचं नाव घेतलं. गाडी इतकी चिकटून गेली की कपातलं पाणी हललं नसतं. परत आलो तेव्हा त्यांनी चाकावरचे हात लगेच काढले नाहीत. परतीच्या रेल्वेत तुमसर आलं. मग म्हणाले, "चालवणाऱ्याले पाहुणीच पाहिजे बाई. तिच्यासारखी नाही. घरची चांगली आहे, पण वळणावर डुलते, जोर मागितला का ओरडते. अन् बसणाऱ्याले घरची पाहिजे."

"मग पोराला काय सांगणार?"

"थेच तं."

ते 'थेच तं' पुढं दोन महिने चाललं. गाडीबद्दल खोटं बोलायचं नाही हा त्यांचा नेम, आणि खरं दोन तऱ्हेचं निघालं होतं. मला सगळं दिसत होतं. पुढं पोरगा आणि सून बसणार, मागं हे. ते त्यांनी तोंडानं कधी म्हटलं नाही, पण नाही तर गुडघे कुणाचे मोजत होते? आणि त्याच सुमारास त्यांनी काळी-पिवळीनं, भाड्याच्या जीपनं, गोंदियाला जायला सुरुवात केली. काम काही नाही. जायचे आणि यायचे. मी विचारलं तर आधी उडवून लावलं, मग कबूल झाले. मागं बसायची सवय करत होते. खिशात लिंबू ठेवायचे, मळमळलं की हुंगायला. पहिल्या वेळी रावणवाडीला जाणाऱ्या फाट्याशीच उतरावं लागलं होतं. महिन्याभरानं एक दिवस भिंतीशी येऊन म्हणाले, "आज लिंबू काढलंच नाही." सत्तरीचा माणूस मागच्या सीटवर बसायला शिकत होता, आणि मला त्या दिवशी हसू आलं नाही.

अखेर त्यांनी ठरवलं की फोनवर सांगण्यासारखी ही गोष्ट नाही. पुण्याला दोन दिवस जायचं, दोन्ही गाड्या पोराला संगं घेऊन पुन्हा चालवायच्या, बसायच्या, आणि तिथंच काय ते सांगायचं. रेल्वेचं तिकीट काढलं. गुरुवारी सकाळी फोन लावला. प्रशीक आंघोळीला गेला होता, फोन सुनेनं घेतला. मी भिंतीशीच होते, मी ऐकलं. मोठ्यानं, सावकाश, आनंदानं ते म्हणाले, "सूनबाई, प्रशीकले सांगजो, मी येऊन राहिलो."

एवढंच. फोन ठेवला.

संध्याकाळी पाचला ते आले. भिंतीशी नाही, फाटकातून आत आले, माझ्या ओसरीत बसले. पाणी दिलं, ते घेतलं नाही.

"बाई, तुमी मराठीच्या. एक सांगा. मी येऊन राहिलो म्हंजे का?"

"म्हणजे येतोय. निघालोय."

"तिकडच्या मराठीत?"

मी शिकवायच्या सुरात सुरुवात केली, खोड आहे ती. "प्रमाण मराठीत येऊन राहिलो म्हणजे आलो आणि राहिलो. मुक्काम केला, कायमचा..." आणि तिथं मला उमगलं.

प्रशीकचा फोन आला होता. त्यानं जे सांगितलं ते शालिकभाऊंनी मला शब्द न् शब्द सांगितलं, साहेबांचा निरोप सांगावा तसं. बाबा, मानसी म्हणाली तुम्ही इकडं येऊन राहायचं म्हणताय. तुमचं बरोबरच आहे. पण सध्या नको. घर लहान आहे, आम्ही दोघंही दिवसभर बाहेर, तुम्हाला करमणार नाही. वर्षभर थांबा, मग काहीतरी बघू.

"तुम्ही काय म्हणालात?"

"बरं म्हटलं."

"अहो, पण सांगायचं ना. तो काय पुण्यात जन्मलाय? त्याला कळायला नको?"

शालिकभाऊ माझ्याकडं बघत राहिले. त्यांच्या मनात काही नसेल, पण मला ते बघणं लागलं. कारण प्रशीक माझाच विद्यार्थी. सातवीपासून दहावीपर्यंत त्याच्या निबंधांत 'आई येऊन राहिली', 'पाऊस पडून राहिला' असायचं, आणि मी ते लाल शाईनं खोडून समासात लिहायचे, हे मराठी नव्हे. एकट्या त्याच्याच नाही, तीस वर्षं सगळ्यांच्या वह्यांत लिहिलं. पोरानं धडा नीट गिरवला होता. त्याचे पैकीच्या पैकी गुण मीच दिले होते. त्या क्षणी मला माझीच इतकी चीड आली की सांगता सोय नाही.

"मी लावते त्याला फोन," मी उठले. "आत्ता समजावून सांगते."

"नका लावू."

"का म्हणून?"

"मी दोन दिवसाची गोष्ट केली, त्यानं जलमाची आयकली. अन् जवाब देऊन टाकला. आता तुमी त्याले सांगसान, तसं नाही रे बापा. तो म्हणन, या ना मंग दोन दिवस. पण थो जवाब तं माह्याजवळच राहीन ना बाई." थोडं थांबून म्हणाले, "मी पुसलंच नव्हतं. पुसलं असतं तं येवढं नसतं लागलं."

मला रडू आलं. त्यांना आलं नाही. तिकीट रद्द करायला ते स्वतः स्टेशनावर चालत गेले.

रविवारी अकराला फोन आला तेव्हा मी मुद्दाम भिंतीशी जाऊन उभी राहिले. मला वाटत होतं, आता हा माणूस घरची सांगेल, सांगायलाच पाहिजे, निदान एवढा तरी हक्क बजावेल. त्यांनी अर्धा तास बोलून पाहुणीची बाजू मांडली. चाक कसं हाताला हलकं लागतं, वळणावर कशी बसते, ब्रेक कसा एका सरळ रेषेत धरतो, दार कसं लागतं. तिचे दोषही सांगितले: गर्दीत हळू चालताना गिअर गचके देतो, टायर पातळ आहेत तर खड्डा सांभाळ, डिकी लहान आहे. मागच्या सीटबद्दल एक वाक्य बोलले. "मागं जागा कमी आहे, पण तुमाले दोघाले काय करायची?"

फोन ठेवल्यावर मी त्यांच्यावर तडकले. म्हटलं, "पाच महिने गुडघे मोजले ते कशाला?"

"चालवणार थो आहे," ते म्हणाले. "त्यानं चालवणाऱ्याले पुसलं होतं. चालवणाऱ्यानं सांगून देल्लं." आणि आत गेले.

पाहुणी घेतली. फोनवर फोटो आला, पांढरी शुभ्र. जानेवारीत सुमनवहिनींच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे स्मृतिदिनाला, दोघं ती घेऊन आले. येणार म्हणून कळल्यावर शालिकभाऊंनी आठ दिवस आधी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या उंचवट्यावर घमेल्यानं मुरूम टाकून उतार केला, गाडीचं पोट घासू नये म्हणून. घासलं नाही. दोन दिवस सगळं छान झालं. विहारात वंदना झाली, जेवणं झाली, मानसीनं माझ्याकडं येऊन पापडाची पाककृती लिहून घेतली. प्रशीक माझ्या पाया पडला. मी त्याला काही बोलले नाही. बोलायचं ठरवलं होतं, पण तो इतका थकलेला आणि इतका भला दिसत होता की हिंमत झाली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते निघाले. डिकी बॅगांनी भरली, तांदळाचा कट्टा मागच्या सीटवर गेला आणि त्याला पट्टा लावला. प्रशीकनं किल्ली वडलांपुढं धरली. "बाबा, देवरीपर्यंत तुम्ही चालवा. पुढं हायवे लागला की मी घेतो. तुम्ही एसटीनं या परत." त्याला खरंच वाटत होतं की आपण बापाला काही देतोय, आणि देतच होता तो. शालिकभाऊंनी गाडीभोवती फेरी मारली. प्रशीक शेजारी बसला. मानसी मागं, कट्ट्याच्या बाजूला. पांढरा शर्ट, ताठ पाठ, आणि गाडी गल्लीतून अशी गेली की धूळसुद्धा उडाली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला लेकीकडं रायपूरला जायचं होतं. तिचं बाळंतपण होतं, तीन महिने तिकडंच गेले. परत आले तेव्हा पलीकडच्या दाराला कुलूप होतं. शालिकभाऊ झोपेतच गेले, असं गल्लीनं सांगितलं. त्यामुळं गाडी गेली त्या संध्याकाळी मी त्यांना पाहिलं ते शेवटचं.

सहाच्या सुमाराला एसटीतून उतरून ते चालत आले. मी फाटकाशी उभी होते, माझी बॅग भरून झाली होती. विचारलं, "कशी चालली?"

"बाई, सूनबाई झोपली होती," ते म्हणाले. चेहरा खुललेला होता. "आमगाव सुटलं तशी झोपली ते देवरीपर्यंत. गाढ. मागचा माणूस झोपला म्हंजे समजावं, गाडी चांगली चालली. देवरीले गाडी लावली, पोरगा फोनवर बोलत उतरला. सूनबाईले समोर बसायचं होतं, म्हणून मी जाऊन मागचं दार उघडलं. तशी दचकून जागी झाली, पर्स घेतली, पाय खाली ठेवला अन् मले म्हणते कशी, थँक यू दादा."

मी फाटकातून बाहेर आले.

"झोपेत होती जी. तिकडं रोज ऑफिसले भाड्याच्या गाडीनं जाते, त्या ड्रायवरले म्हणत असन. मंग मले पाहून लाल झाली बिचारी. दोनदा पाया पडली. मी म्हटलं, असू दे, असू दे."

ते हसत होते. खोटं हसणं त्यांना येत नव्हतं, म्हणजे खरंच हसत होते.

"पोरगी चांगली आहे," ते म्हणाले. "छत्तीस वर्षं दार उघडलं बाई मी. उतरणाऱ्यानं थँक यू कधी म्हटलं नव्हतं."

मी चहा टाकू का म्हणून विचारलं. नको म्हणाले. आपल्या दाराशी गेले, खिशातून किल्ली काढली, आणि कुलुपाला हात लावून मागं वळून म्हणाले, "अन् दादा म्हणाली."